वरच्या मजल्यावरचा बँड

ज्या बँडच्या बरोबर खाली मी दोन वर्षं राहत होते, त्याचा एक ठोकासुद्धा मी तेव्हा ऐकला नव्हता. हे सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. मग ते विचारतात, असा कसला बँड? त्याचं उत्तर शोधायला मी लातूर-नांदेडला जाऊन आले. थंडी नुकती सुरू झाली होती. त्या भागात जायचं तर याच दिवसांत जावं. मार्चनंतर जाण्यात शहाणपण नाही.

वीसेक वर्षांपूर्वी विमा कार्यालयातून माझी बदली लातूरला झाली होती. शिकवणी वर्गांच्या भागात अक्कांच्या घरी तळमजल्याची खोली मिळाली. वरच्या खोलीत तिघं 'रिपीटर' राहत, म्हणजे बारावी होऊन डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला पुन्हा बसणारी मुलं. त्या गल्लीत घरटी अशी मुलं होती आणि भिंतीभिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं होतं. अक्कांचा नियम त्याच्याही पुढचा. स्टीलच्या बादलीत पाण्याची धार वाजते म्हणून नळ सोडण्याआधी बादलीत फडकं टाकायचं. ती सवय मला अशी लागली की पुण्याला परत आल्यावरही मी रोज बादलीत फडकं टाकत राहिले.

मागच्या महिन्यात लेकीने मोबाइलवर एक गाणं लावलं. घाईघाईत वाजवलेली गिटार, खडखडता ड्रम आणि ओरडणारा एक मुलगा. "याला पंक म्हणतात," ती म्हणाली, "यात सुबक असायचं नसतं, खरं असायचं असतं. जुना बँड आहे, लातूरचा. नाव 'शांतता राखा'." मी भाजी चिरत होते. तेवढ्यात तो मुलगा ओरडला :

*बादलीत फडकं टाका,*
*घंटेत फडकं टाका,*
*अक्का, माझ्या छातीत टाका!*

मी विळी बाजूला ठेवली. लगेच अक्कांना फोन लावला. अक्कांकडून वरच्या खोलीतल्या तिघांपैकी बालाजीचा नंबर मिळाला आणि चार दिवसांची रजा टाकली.

पुण्याहून सकाळची बस धरली. बार्शी सोडल्यावर जमीन काळी होत जाते. ज्वारी गुडघ्याएवढी आलेली, तुरीला पिवळी फुलं. लातूरला पोचले तेव्हा चार वाजले होते आणि शिकवणीची एक पाळी सुटत होती. सगळा रस्ता सायकलींनी भरला. चौकाचौकात गुणवंतांच्या चेहऱ्यांचे फलक, त्याखाली झेरॉक्सची दुकानं, त्याखाली डबे घेऊन निघालेले खानावळवाले. माझ्या वेळी फलकांवर पासपोर्टएवढे फोटो असत; आता एकेक चेहरा दुमजली झाला आहे.

अक्का ओसरीत बसल्या होत्या. ऐंशी ओलांडली आहे, पण कान शाबूत.

"बँड?" अक्का म्हणाल्या. "काय बी बोलू नका बाई. लई गुणाची पोरं व्हती ती. आवाज न्हाई, काय न्हाई. तसली पोरं आता मिळत न्हाईत."

मी त्यांना गाणं ऐकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, दोनदा. मग म्हणाल्या, "माझं नाव घेतलंय व्हय मेल्यानं," आणि आत चहा टाकायला गेल्या. चिडल्या असाव्यात असं वाटलं. पण चहाबरोबर त्यांनी सुशीला (फोडणी दिलेले भिजवलेले चुरमुरे) आणि वर ओलं खोबरं आणलं, म्हणजे चिडल्या नव्हत्या.

तिघांतला बालाजी आता दोन गल्ल्या सोडून खानावळ चालवतो. तो बँडचा गायक आणि गिटारवाला. दाढी पांढरी होत चालली आहे. मला पाहून हातातला पळा तसाच धरून तो बाहेर आला.

"मॅडम! तुम्ही तर आमचं घड्याळ व्हता. तुमची स्कूटर आली की आम्ही समजायचो, आता अजून हळू."

"यापेक्षा हळू काय करणार होतास? मला तर काहीच ऐकू येत नव्हतं."

"तेच तर," तो म्हणाला.

जेवताना त्याने बँडचा सगळा इतिहास सांगितला. तो मी इथे थोडक्यात देते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चुक्याचा आंबट पाला घातलेलं वरण यांचं वर्णन वेगळं करत नाही, उत्तम होतं.

बालाजी औसा तालुक्यातल्या भूकंपात पडलेल्या एका गावचा. भूकंप झाला तेव्हा तो दुसरीत होता. पुढची काही वर्षं सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. "पत्रा दुपारी तापतो आन् संध्याकाळी निवतो," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला तड तड वाजतो. लोक दचकून भाईर पळायचे, परत हललं म्हणून. मी न्हाई पळायचो. मी मोजायचो, ताल कुठं बसतो ते." पुढे लातूरला परीक्षेसाठी आला तेव्हा कुणा मोठ्या मुलाच्या खोलीत त्याने विलायती पंक ऐकलं आणि त्याला वाटलं, हा तर आपला पत्राच आहे.

खोलीतला दुसरा व्यंकट, उदगीरचा. त्याने जुनी बास गिटार मिळवली. तिसरा रफीक, नांदेडच्या बँडवाल्यांच्या घरातला. त्याच्या घरात तीन पिढ्या लग्नाच्या वरातीत वाजवत आलेल्या. असे तिघं जमले. पण वाजवायचं कुठे? गल्लीत सुई पडली तरी तक्रार व्हायची. मग रफीकने अक्कांच्या बादलीवरून युक्ती काढली. गादीची घडी हा त्याचा ड्रम, टॉवेल गुंडाळलेले डबे या झांजा. बालाजी तारांखाली रुमाल घाली आणि गाणं नुसत्या ओठांनी म्हणे. व्यंकटची बास विजेला जोडलेलीच नसे. ऐकू काहीच येत नसल्यामुळे ते एकमेकांकडे बघून वाजवायला शिकले. बालाजीचा उजवा खांदा खाली गेला की ठोका. व्यंकटची मान वळली की पुढचं कडवं. दोन वर्षं असा सराव केला. जगात कुठला पंक बँड असा तयार झाला असेल असं मला वाटत नाही.

"मग मोठ्यानं पहिल्यांदा कधी वाजवलंत?"

"उदगीरला, कॉलेजच्या गॅदरिंगला," बालाजी म्हणाला आणि हसायला लागला. "ती तर लई मजा झाली. दुसऱ्या गाण्यात लाइट गेली. माइकला जनरेटर व्हता, बल्बला न्हाई. आवाज चालू, आन् अंधार! कोण कुठं गेलं कळंना. मी कडव्यात, व्यंकट ध्रुपदात, रफीक कुठंतरी हैदराबादला. ऐकून वाजवायचं आमाला कुणी शिकवलंच न्हवतं!"

"लोकांनी दगड मारले?"

"न्हाई ना! लोक म्हणले, हेच गाणं पुन्हा घ्या."

तेव्हापासून ते फक्त दिवसाउजेडी वाजवत, आणि एकमेकांकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे पाठ करून. हे उद्धटपणाचं लक्षण आहे असं लोकांना वाटे आणि तरुण मुलांना तेच आवडे. नांदेडला भजनाच्या कॅसेटी काढणाऱ्या एका माणसाकडे त्यांनी पाच गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या माणसाने तिघांना तीन वेगळ्या खोल्यांत बसवायचं ठरवलं, तर हे हटून बसले की एकाच खोलीत वाजवणार. तेच ध्वनिमुद्रण आज लेकीच्या मोबाइलवर आहे. पुढे व्यंकट परीक्षा पास झाला, रफीकचे वडील आजारी पडले आणि बँड संपला. भांडण वगैरे काही नाही. वय संपलं, परीक्षेच्या संधी संपल्या.

"व्यंकट आता भूलतज्ज्ञ हाय," बालाजी म्हणाला. "तिघांत सगळ्यात वाईट वाजवायचा त्योच. आता लोकांना झोपवतो."

मग पळा खाली ठेवून त्याने खरी गोष्ट काढली. त्याच्या गावात जुन्या शेडांपैकी एकच शेड उरली होती, शाळेचं सामान ठेवायची. तिथे नवी इमारत येणार होती. पुढच्या आठवड्यात पत्रे उतरवणार होते. त्याआधी रविवारी सकाळी त्या पत्र्याखाली 'पत्रा' हे गाणं एकदा वाजवायचं, एवढीच त्याची इच्छा होती. ज्या पत्र्यावरून ते गाणं सुचलं, त्याखाली ते कधी वाजलंच नव्हतं. व्यंकट तयार होता. रफीक फोन उचलत नव्हता.

"काय राग हाय काय माहीत. तुम्ही नांदेडला जाऊन येता का? तुमचं ऐकंल तो. तुम्हाला लई मानायचा."

शुक्रवारी सकाळी नांदेडची बस घेतली. अहमदपूर सोडल्यावर बस बंद पडली आणि आम्ही सगळे उतरून हरभऱ्याच्या शेताकडेला बसलो. शेजारी उमरीच्या एक बाई होत्या, मुलीला लातूरच्या वसतिगृहात सोडून परत चाललेल्या.

"कुठं जाऊन राहिले ताई?" त्यांनी विचारलं.

"नांदेडला. एका बँडवाल्याला भेटायला."

"लेकीचं लगीन हाय का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. पिशवीतून धपाटं काढून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. दुसरी बस येईपर्यंत त्या मुलीबद्दलच बोलत होत्या. "घरी लई बडबड करती. तिथं म्हणे बोलायचंच न्हाई. कसं करत आसंल हो?" मला सांगावंसं वाटलं की मुलं काहीतरी मार्ग काढतात. सांगितलंही, त्यांचा विश्वास बसला नाही.

नांदेडला उतरून जुन्या शहराकडे रिक्षा केली. गोदावरीच्या बाजूची अरुंद गल्ली, ओळीने बँडची दुकानं, दारावर जरीचे लाल डगले टांगलेले, आत पितळेचे मोठे कर्णे चिंचेने घासायला काढलेले. रफीक पाठमोरा बसून ढोलाची दोरी ताणत होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. आतून त्याची आई आली, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो वळला. माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम! बादलीत फडकं टाकलं का?"

"पुण्यात अजूनही टाकते," मी म्हणाले.

तो मोठ्याने बोलत होता, गरजेपेक्षा बराच मोठ्याने, आणि मी बोलले की माझ्या ओठांकडे बघत होता. फोन का उचलत नाही हे मला तिथेच समजलं.

त्याच्या आईने तहारी (मसालेभात) आणि दही वाढलं. "वीस साल कानाजवळ बाजा," ती म्हणाली. "डॉक्टर म्हंतात, गेलेलं परत येत नै. मशीन दिली, तर बाजा सुरू झाला की मशीनच शिट्ट्या मारती. उसने काढून डब्यात ठेवली."

रफीकला आम्ही काय बोलतोय ते कळलं. त्याने स्वतःच सांगितलं. मागच्या हंगामात एका वरातीत नवरदेव घोड्यावरून उतरला, बँड थांबला, आणि हा डोळे मिटून वाजवतच राहिला. पोरं हसली. धाकट्या भावाने येऊन त्याच्या हातातल्या काड्या धरल्या.

"माझ्याच भावानं, मॅडम. सगळ्या वरातीत. त्या दिवसापासून नक्को म्हटलं. आता दोऱ्या ताणतो, डगले सांभाळतो. बालाजीला काय सांगू? त्याच्या गावात, त्याच्या लोकांसमोर तमाशा करू?"

मी समजूत घालणारी बाई नाही. मला जे दिसलं ते मी म्हणाले, सावकाश, ओठ नीट हलवून : "रफीक, मी दोन वर्षं तुमच्या खाली राहिले. मला काही ऐकू आलं नाही. त्या खोलीत तुम्हाला तरी काय ऐकू येत होतं?"

त्याने घास तसाच धरला. मग ताट सरकवलं.

"खांदा," तो म्हणाला. "त्याचा उजवा खांदा. त्याला खोकला आला तरी खांदा वर जायचा आन् मी डबा बडवायचो. मग तो शिव्या द्यायचा. ओठांनी!"

त्याची आई पदर तोंडाला लावून हसली. "शिव्या तर याला पाठ आहेत सगळ्या."

तरी तो हो म्हणाला नाही. दुपारभर दोरी ताणत बसला. मी नदीवर जाऊन आले, घाटावर चहा घेतला, परत आले. तेव्हा त्याने काड्या कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. अट घातली : आधी त्याच खोलीत, तसंच, गादीवर वाजवून बघायचं. "नाही जमलं तर मी खाली उतरून सरळ बसस्टँडला जाणार. कुणी मला थांबवायचं न्हाई. गावात जाणार न्हाई."

मी कबूल केलं. बालाजीला निरोप धाडला, त्यात रफीकच्या कानांचंही लिहिलं. तसं रफीकनेच सांगितलं होतं. उत्तर आलं : "बरं. रुमाल आणतो."

शनिवारी दुपारी अक्कांच्या घरी तिघं भेटले. व्यंकट उदगीरहून गाडीने आला, गोल चेहऱ्याचा, घाम पुसत. "अय्यो, रफीकअन्ना, तू तर म्हातारा झाला," तो म्हणाला. रफीकने त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं. कानांबद्दल कुणी बोललं नाही. वरच्या खोलीतली मुलं शिकवणीला गेली होती. अक्कांनी किल्ली दिली आणि बजावलं, "खाली पोरी अभ्यासाला बसल्यात. आवाज आला तर तिघांस्नी बी भाईर काढीन."

"अक्का, गाण्यात तुमचं नाव हाय," बालाजी म्हणाला.

"म्हाईत हाय. गप वर जा."

मला वर यायला रफीकने मनाई केली. "तुम्ही बघितलं तर मी तुमच्याकडे बघीन." म्हणून मी खाली माझ्या जुन्या खोलीत गेले. तिथे आता अभ्यासिका आहे. जिथे माझा पलंग होता तिथे लाकडी कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक वाकलेली वेणी. दाराजवळ एक रिकामी खुर्ची होती. तिथून जिना दिसत होता. मी तिथे बसले.

पंख्याचा आवाज. पानं उलटल्याचा आवाज. कुणाची तरी पेन्सिल. वर छताकडे पाहिलं; काही नाही. आता त्यांनी सुरुवात केली असेल, असं वाटलं. आता बिनसलं असेल, असंही वाटलं. काड्यांचं कापड हातात घेऊन रफीक जिन्याने उतरताना कसा दिसेल ते मला अगदी स्पष्ट दिसायला लागलं, आणि त्याला थांबवायचं नाही हे मी कबूल करून बसले होते.

जवळच्या कप्प्यातली मुलगी वळली. फार हळू म्हणाली, "काकू, कुणाची वाट बघताय?"

"कुणी येऊ नये म्हणून बघतेय," मी म्हणाले.

तिने मान डोलावली, जणू हे रोजचंच, आणि पुन्हा पुस्तकात शिरली.

कुणी आलं नाही. शिकवणी सुटून वरची मुलं परत येईपर्यंत कुणीच आलं नाही. छताखाली बसून मला एक ठोकाही ऐकू आला नाही, अगदी पूर्वीसारखं. मग जिन्यावर तिघं एकदम दिसले. व्यंकटचा सदरा भिजला होता. बालाजीचे डोळे लाल होते. रफीकच्या हातात काड्या उघड्याच होत्या.

"हा अजून चुकतो," तो व्यंकटकडे बोट दाखवून खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाला. सगळ्या मुलींनी एकदम माना वर केल्या. अक्का आतून ओरडल्या, "कोण हाय रे त्यो?"

रविवारी सकाळी बालाजीच्या गावी गेलो. भूकंपानंतर वसवलेलं गाव. आखलेले रुंद रस्ते, सारखी घरं, मधे भरपूर आकाश. शेड एका टोकाला होती, गंजून तांबडी झालेली. गावातल्या लोकांनी प्रेमाने सतरंजी घालून, कीर्तनाला मांडतात तसं, तिघांना प्रेक्षकांकडे तोंड करून बसायला जागा केली होती. हे तिघं उभे राहिले आणि वर्तुळ करून एकमेकांकडे वळले. पुढच्या रांगेतल्या एका आजीने विचारलं, "पाठ करून काय गाणार हाईत हे?" तेवढ्यात बालाजीचा खांदा खाली गेला.

आवाज इतका होता की मी कानात बोटं घातली. पत्रा वरून वाजत होता, ड्रम खालून. रफीकने एकदाही डोळे मिटले नाहीत. गाण्याच्या मधे एक जागा आहे, तिथे सगळे एकदम थांबतात. ते थांबले, रफीकही त्याच क्षणी थांबला, आणि त्या शांततेत उन्हाने तापलेला पत्रा वर तडतडला. म्हातारी माणसं दचकून वर बघायला लागली. मग बालाजी हसला, खांदा पुन्हा पडला आणि गाणं पुढे गेलं. ती आजी नंतर म्हणाली, "गाणं काय कळलं न्हाई. पर पत्रा आमचाच व्हता."

रफीक दुपारच्या बसने नांदेडला परत गेला. वरातीत तो आता वाजवणार नाही. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, असं तो म्हणाला. महिन्यातून एकदा लातूरला यायचं मात्र ठरलं आहे, अक्कांच्या वरच्या खोलीत. चढताना बसच्या पायरीवरून तो माझ्याकडे वळला. "मॅडम, घरी तरी आता फडकं टाकू नका. तुम्हाला कानं हायेत."

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होते की त्या गल्लीत मी किती शांत दिवस काढले असं मला वाटत आलं आहे. ते शांत नव्हते. माझ्या डोक्यावर तीन मुलं जिवाच्या आकांताने ओरडत होती, आणि ती इतकी शिस्तीने ओरडत होती की मी त्यांना गुणी मुलं समजले. आता अभ्यासिकांवरून जाताना मला आतली शांतता तितकीशी शांत वाटणार नाही.

सोमवारी सकाळी बादली नळाखाली ठेवली, फडकं दोरीवरच राहू दिलं आणि नळ पूर्ण सोडला. आतून लेक ओरडली, "आई, काय पडलं?"

"काही नाही," मी ओरडले. "पाणी आलंय."